फेमटोसेकंद लेझरच्या झेड-स्कॅनमध्ये उष्णतेचा हिस्सा वेगळा कसा काढायचा?

टोल्युइन या द्रावकातले कॅडमियम सल्फाइडचे नॅनोकण, ८०० नॅनोमीटरचा लेझर, सेकंदाला ८ कोटी अतिलघु पल्स (८० मेगाहर्ट्झ), आणि झेड-स्कॅनमध्ये, म्हणजे नमुना लेझरच्या फोकसमधून झेड दिशेने पुढे-मागे सरकवून पलीकडे पोहोचणारा प्रकाश मोजताना, अरेषीय अपवर्तनांक (प्रकाशाच्या तीव्रतेने अपवर्तनांक किती बदलतो ते) ऋण येतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तुम्ही टोल्युइनचं तापणं मोजताय. या तरंगलांबीला कॅडमियम सल्फाइडचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक परिणाम (उष्णतेशिवाय, थेट इलेक्ट्रॉनांमुळे होणारा) धन यायला हवा.

पल्स स्वतःच्या उष्णतेने बिघडत नाही, ती तेवढी टिकतच नाही. मागे राहिलेली उष्णता पुढच्या पल्सना नडते. फोकसवरच्या लेझरच्या ठिपक्याची त्रिज्या २० मायक्रॉन धरली तर टोल्युइनमध्ये ही उष्णता पसरायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, आणि तुमच्या दोन पल्समध्ये अंतर आहे १२.५ नॅनोसेकंद. म्हणजे तेवढ्यात ऐंशी हजार पल्स येऊन थडकतात! गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात हाच काळ ३ मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो; तिथे १ किलोहर्ट्झचा लेझर वापरला की प्रश्न जवळजवळ मिटतो. तुमच्या द्रावणात तेवढ्यानेही पुरता मिटणार नाही.

म्हणून चॉपर (बीम ठरावीक वेळाने अडवणारी फिरती चकती) लावा, पण नेहमीची अर्धी उघडी चकती नको. एकच अरुंद फट असलेली चकती सेकंदाला १० फेरे फिरवा: ५ मिलिसेकंद उघडी, ९५ बंद. चकती नमुन्याच्या आधी, दोन भिंगांमधल्या फोकसवरच ठेवा. जाड बीम कापला तर फट उघडायलाच वेळ जातो आणि नेमके सुरुवातीचे, कामाचे क्षण हातचे जातात. झेडच्या प्रत्येक जागी फोटोडायोडचा आलेख ऑसिलोस्कोपवर घ्या आणि तो मागे शून्य वेळेपर्यंत, म्हणजे फट उघडली त्या क्षणापर्यंत, वाढवून तिथली किंमत वाचा. उष्णतेचं भिंग (तापलेलं द्रव भिंगासारखं वागतं ते) मिलिसेकंदात हळूहळू चढताना स्पष्ट दिसतं. त्याच क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या काचेच्या डबीत) नुसतं टोल्युइन भरूनही एक स्कॅन घ्याच.

पेल्टियरने (विजेवर चालणाऱ्या गार करायच्या पट्टीने) नमुना गार करायच्या फंदात पडू नका. उष्णता पसरायचा वेग त्याने फारसा बदलत नाही. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात २० अंशांवर क्युव्हेटला दव धरतं, आणि त्यावर विखुरलेला प्रकाश शोषणात जमा होतो.

शून्य वेळेलाही चिन्ह ऋणच राहिलं तर दोन फोटॉन शोषून सुटलेल्या मुक्त वाहकांवर (मोकळ्या फिरणाऱ्या विद्युतभारांवर) संशय घ्या. त्यांचाही परिणाम ऋण असतो. पल्सची ऊर्जा निम्मी करून बघा. इलेक्ट्रॉनिक परिणाम निम्मा होतो, वाहकांचा चौथाईवर येतो.