तुळया नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय 41, हिंजवडीत नोकरी, महिना हातात 1 लाख 5 हजार, बावधनच्या फ्लॅटचं 48 लाख होम लोन बाकी, एफडी 6 लाख. हॉलला आजोबांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यासारखं कडीपाटाचं, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं, छत करायचंय, कोटेशन साडेचार लाखांचं, आणि प्रश्न एवढाच की पर्सनल लोन काढू की एफडी मोडू.

पण शेवटी सहज लिहून गेलात की तीन आठवड्यांपूर्वी बँकेतल्या मॅडमनी "एफडीसारखंच आहे सर" म्हणून वर्षाला 1 लाख 20 हजारांची पॉलिसी गळ्यात मारली, 15 वर्षं भरायची, मग 28 लाख मिळणार. छत राहू द्या बाजूला.

18 लाख भरून 28 लाख ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब केला की वर्षाला साडेपाच टक्केही पडत नाहीत. हेच पैसे पीपीएफमध्ये सध्याच्या 7.1 टक्क्यांनी साडेबत्तीस लाखांच्या आसपास जातात. बरं, विमा म्हणून घेतली म्हणावं तर कव्हर फक्त 12 लाख! ऑफिसचं 10 लाखांचं आहे ते नोकरी सुटली की गेलं. उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींवर आणि सातवीतल्या मुलीवर घर विकायची वेळ येईल, आणि हे तुम्हाला बँकेत कोणीच सांगितलं नाही याचा मला खरंच संताप येतो.

अजून वेळ आहे. पॉलिसीचे कागद, किंवा ईमेल, मिळाल्यापासून 30 दिवस फ्री लुक असतो, त्यात कारण लिहून पॉलिसी परत करता येते. अर्ज विमा कंपनीला द्या, बँकेच्या भरवशावर राहू नका, आणि पोच घ्या. मॅडम म्हणतील पुढच्या आठवड्यात बघू, नाही, आजच. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीचे परत येतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. सोबतच 1 कोटीच्या टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याचा, अर्ज करा, वर्षाला साधारण 20-25 हजार, सिगारेट ओढत असाल तर जास्त, आणि फॉर्मवर ते लपवू नका.

आता तुळया. लोन नको आणि एफडीही नको. 14 टक्क्यांनी 4 वर्षांचं लोन म्हणजे महिना 12,300, वरचं व्याज 1 लाख 40 हजार, आणि होम लोनचे 42 हजार आधीच जातायत. ती एफडी म्हणजे तुमचा सहा-सात महिन्यांचा खर्च, आयटीत आहात, तिला हात लावू नका. विकताना किंमत वाढेल ही आशाही सोडा, घेणारा कार्पेट एरिया आणि लोकेशन बघतो.

हौस मात्र खोटी नाही. वाड्यात तुळई वरच्या मजल्याचा भार पेलायची, तुमच्याकडे ते काम स्लॅब करतोय, मग भरीव सागवान कशाला? सुताराकडून पोकळ प्लायच्या, वर सागाचा व्हिनिअर लावलेल्या चारच तुळयांचं नवं कोटेशन घ्या. परत केलेल्या पॉलिसीच्या वाचलेल्या हप्त्यातून टर्मचे गेले तरी वर्षाला 95 हजार उरतात, काम त्यातूनच करा, कमी पडले तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा. त्यानंतर तेच पैसे दरवर्षी पीपीएफला.