धंद्यासाठी ब्लॉग कसा चालवावा? महिन्याला आठ लेख देणारी एजन्सी लावू का?

नका लावू.

तारकर्लीला पर्यटकांसाठी तुमच्या चार खोल्या आहेत, एजन्सी महिन्याला आठ लेख देतो म्हणते, आणि ब्लॉगने खरंच गिऱ्हाईक येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी पावसच्या बाजूचा, आंब्याचा. धंदा वेगळा, पण ह्याच खड्ड्यात दोन वर्षं काढलीत म्हणून लिहायला बसलो.

आमची दीडशेच्या आसपास कलमं. आधी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि येईल ती पट्टी गुपचूप घ्यायची. २०१६ पासून थेट पेट्या विकायला लागलो. बाग, फवारण्या, तोडणी माझ्याकडे; विक्री चुलतभावाकडे, तो डोंबिवलीला असतो. आम्ही त्याला दादाच म्हणतो. एजन्सी दादाने आणली. दोन वर्षांत त्यांनी सत्तर लेख टाकले. 'आंबा खाण्याचे दहा फायदे', 'उन्हाळ्यात त्वचेसाठी आंबा', 'फळांचा राजा आंबा'. एका लेखावर फोटो चक्क तोतापुरीचा. हापूसच्या बागेचा ब्लॉग आणि वर तोतापुरी! दादाला फोन केला तर म्हणतो, "अरे, गूगलला काय कळतंय?"

कळतं. असल्या पाणी घातलेल्या मजकुराला गूगल २०११ च्या 'पांडा' नावाच्या बदलापासून खाली ढकलतंय, आणि ऑगस्ट २०२२ पासून तर आणखीच. ते सोडा. 'फळांचा राजा' शोधत येतं कोण? तिसरीतली पोरं, निबंध लिहायला. त्यांनी पेटी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता साक्याची गोष्ट. २०१९ चा मे. संध्याकाळी पडवीत पेट्या भरत होतो. खाली पेंढा, मग आंबे, वर पुन्हा पेंढा. पुण्याच्या एका बाईंचा फोटो आला. कापलेला हापूस, कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा भाग आणि त्यात रुतवलेला चमचा. खाली एकच ओळ, "सडका माल पाठवलात." माझे हात चिकाने माखलेले. करंगळीने टाइप करत सुटलो. हा सडका नव्हे, हा साका. वरून दिसत नाही, दाबून कळत नाही, वासही चांगलाच येतो, कापल्यावरच समजतं. हापूसची ही जुनी खोड आहे. फळ झाडावर जास्त पिकू दिलं किंवा उतरवून तापलेल्या कातळावर ठेवलं की साका वाढतो. म्हणून आम्ही चौदा आणे (सोळापैकी, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झाला की देठासकट झेल्याने, म्हणजे जाळीच्या काठीने उतरवतो, उन्हं चढायच्या आत, आणि थेट सावलीत नेतो. तरी पेटीत एखादा निघतोच. निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त घालीन.

बाईंचं उत्तर आलं, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?" आणि त्यांनी दुसरी पेटी मागवली.

त्या महिन्यात तोच मजकूर मी अकरा जणांना पाठवला. जूनमध्ये पाऊस लागला, दोन दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर तोच मजकूर नीट करून एजन्सीकडून ब्लॉगवर टाकून घेतला, 'आमच्या हापूसमध्ये साका निघतो तेव्हा'. सोबत मी स्वतः कापलेल्या पाच आंब्यांचा फोटो, साकावाला सगळ्यात पुढे. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन. "आपल्याच मालाला आपल्याच हाताने साका लावलास! दुकानदार कधी बोर्ड लावतो का, की आमच्या मिठाईत केस निघतो?" मी म्हटलं, केस हलगर्जीपणाने पडतो, साका फळाच्या जातीतच आहे. ऐकून घेईल तर तो दादा कसला! पासवर्ड एजन्सीकडे होता, त्याने सांगून लेख काढायला लावला.

पुढच्याच वर्षी पैशावरून एजन्सीशी बिनसलं, तेव्हा कळलं की डोमेन, म्हणजे ब्लॉगचा वेबपत्तासुद्धा त्यांच्याच नावावर नोंदवलेला. गेलं. ब्लॉगचा पत्ता आम्ही पेट्यांवर छापला होता, त्या छापील पेट्यांचा ढीग अजून माळ्यावर आहे. म्हणून तुमच्या प्रश्नात नसलेलं आधी सांगतो: डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कार्डावरून घ्या. लिहून कुणाकडूनही घ्या, चाव्या देऊ नका.

२०२० च्या गणपतीनंतर नवीन पत्त्यावर पुन्हा सुरुवात केली आणि पहिला लेख साक्याचाच टाकला. दादाला विचारलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये गूगलचं सर्च कन्सोल उघडून बघितलं (फुकट आहे, जोडून घ्या, लोक काय शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं), तर निम्म्याहून जास्त माणसं त्या एका लेखावरून आलेली. बहुतेकांनी शब्द रोमन लिपीत टाकलेले, चुकीच्या स्पेलिंगसह. मजकूर मराठीतच ठेवा, फक्त लेखाच्या लिंकमध्ये आणि फोटोच्या नावात रोमन शब्द येऊ द्या. ह्या लेखावरून आलेलं गिऱ्हाईक सहसा घासाघीस करत नाही. "ते साक्याचं तुम्हीच लिहिलंय ना?" एवढं विचारतं आणि पत्ता पाठवतं.

महिन्याला किती लेख, हा प्रश्नच चुकीचा आहे. व्हॉट्सॲपवर एकच उत्तर तिसऱ्यांदा टाइप करावं लागलं की त्याचा लेख करायचा. मी वर्षाला पाच-सहा लिहितो. देवगड आणि रत्नागिरीत फरक काय, पेटी आल्यावर आधी काय करायचं, कार्बाइडचा आंबा कसा असतो, वगैरे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गच नाही तर रायगड, ठाणे, पालघरही आहेत, हे लिहिलं तेव्हा गावातलेच दोघं माझ्याशी बोलायचे बंद झाले. आणि लिहायचं ते हंगामाच्या बऱ्याच आधी. एप्रिलमध्ये लिहिलेला आंब्याचा लेख गूगल वर आणेपर्यंत इथे भातलावणी सुरू होते.

दादाचं म्हणणं अजूनही असं की विक्री लॉकडाऊनमुळे वाढली, वाशी अडकली आणि सोसायट्यांनी थेट पेट्या घेतल्या, त्यात तुझ्या ब्लॉगचं काय? त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. त्या वर्षी ब्लॉग नसलेल्यांचाही आंबा थेट गेला. पण लॉकडाऊन उठल्यावरही जे टिकले, त्यांची यादी माझ्याकडे आहे, त्याने कधी मागितली नाही. आणखी एक, आमचा माल वर्षातून दोन महिने, तुमच्या खोल्या बाराही महिने, त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. व्हॉट्सॲप बंद करून नुसत्या ब्लॉगवर बसाल तर उपाशी राहाल, तेही खरं.

तुमच्याकडे लिहिण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त आहे. पहाटे कुडाळला गाडीतून उतरल्यावर तुमच्या दारापर्यंत यायला काय मिळतं आणि किती पडतात. म्हाताऱ्या माणसाला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढता-उतरता येतं का. आणि पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद; किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबाही पावसाळ्यात बंद. जुलैमध्ये सुरमईच्या आशेने आलेल्या माणसाला ताटात काय वाढता, ते सरळ लिहा, त्या ताटाच्या फोटोसकट. हा लेख आधी लिहा.

घरातलं कुणीतरी म्हणेलच, असं लिहू नको, बुकिंगं तुटतील. आमच्याकडेही म्हणालं होतं. परवा दादाचा मेसेज आला, "त्या साक्याची लिंक पाठव, मुलुंडच्या एका गिऱ्हाइकाला द्यायचीय." पाठवली. सोबत काही लिहिलं नाही, ते इथे लिहिलं.