जीपचं इंजिन : बदलायचं की बांधायचं?

प्रश्न : काका नमस्कार. वडिलांची १९६८ ची महिंद्रा सीजे थ्री बी आहे, पेट्रोल. जांबोटीच्या शेतात भाताची पोती ओढून ओढून थकलीय. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, ऑइल पितेय, आणि गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात अर्ध्यावरच काटा लाल. मेस्त्री म्हणतात हे भंगारात घाला, महिंद्राचंच जुनं डीआय डिझेल इंजिन बसवून देतो, ॲव्हरेज पण मिळंल. भाऊ तयार आहे, माझ्या जिवावर आलंय. काय करू? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : जिवावर आलंय ना, मग थांबा. डीआय वाईट नाही हो, २५२३ सीसीचं दणकट इंजिन आहे, पण ते ज्या गाडीसाठी केलं त्या गाडीत. तुमच्या जीपच्या ॲक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे इंजिन भरपूर फिरणार आणि चाक हळू, आणि डिझेल पडलं कमी आरपीएमवाल्यांपैकी, त्यामुळं हायवेला इंजिन बोंबलतंय आणि मागचा टेम्पो हॉर्न मारतोय असं होतं. मग ॲक्सल बदला, मग गिअरबॉक्स, मग माउंटिंग तोडून वेल्डिंग, म्हणजे डिझेलपायी अख्खी गाडीच बदलायची वेळ येते. वर आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, परवानगीशिवाय हे चालत नाही, उद्या कुठं ठोकर झाली की इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघणार. आणि एक गोष्ट तुमच्या मेस्त्रींनी सांगितली नसेल, २०२१ च्या केंद्राच्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळू शकतो, पण इंजिन-चासी मूळची पाहिजे. अर्थात ते घेतलं की रोजच्या कामाला गाडी वापरता येत नाही, म्हणजे भाताची पोती बंद, तेव्हा तो विचार घरी बसून करा.

आता तुमचं इंजिन. हे हरिकेन, १३४ क्युबिक इंच, म्हणजे २१९९ सीसी. इनटेक वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, ही याची गंमत. खोलायच्या आधी कॉम्प्रेशन गेज लावा, चारही सिलिंडरचं वाचन कागदावर लिहा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा-बोअर गेलेत, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह. हे दहा मिनिटांचं काम न करता "सगळंच करूया" म्हणणारा मेस्त्री असला तर त्याला चहा पाजून पाठवा.

गरम होण्याचं म्हणाल तर मी रेडिएटरच्या आधी ब्लॉकवर संशय घेईन. बाजूचे वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकची पाण्याची भोकं बुजवणारी पत्र्याची झाकणं, ठोकून काढा आणि चार नंबर सिलिंडरच्या मागं बोट घाला. आमच्या एका जीपमधनं तिथनं चहाच्या दोन कपभर लाल चिखल निघाला होता, विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं घातलेलं, गंज आणि क्षार मिळून नुसतं विटेसारखं झालेलं, स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढलं. त्याच्या आधी आम्ही नवा रेडिएटर बसवून पैसे घालवले होते, ते सोडा.

ब्लॉक रिकामा करून बेळगावच्या उद्यमबागेत न्या. हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये करणारी माणसं आहेत तिथं, बोअर गेज कसं धरायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सव्वातीन इंचाला अष्टमांश इंच कमी, म्हणजे ३.१२५ इंच. साठ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पुढं गेला असेल तर ओढाताण करू नका, स्लीव्ह म्हणजे आत नवी नळी घाला आणि स्टँडर्ड पिस्टनवर परत या. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका, ही चूक लोक रोज करतात. क्रँकला मेन बेअरिंग तीनच, त्यामुळं ग्राइंडिंगला दिलात तर जर्नल, म्हणजे बेअरिंग बसायच्या जागा, मोजून घ्या आणि त्या मापाचीच बेअरिंगं, दुकानदार देईल ती नाही.

अपग्रेड म्हणून काय करावं? मोठा पिस्टन टाकून ताकद वाढते असं लोकांना वाटतं, साठ थाऊ वाढवून हिशेब केला तर पंच्याऐंशी सीसी मिळतात, चोर्ल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा डायनॅमो काढून अल्टरनेटर, सहा व्होल्ट असेल तर बारा, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मूळ फिल्टर बायपास प्रकारचा आहे, सगळं ऑइल त्यातनं जातच नाही, म्हणून ऑइल लवकर बदला.

टॅपेटची, म्हणजे वॉल्व्हची, फट थंड इंजिनवर लावा, इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. उलटं केलंत तर एक्झॉस्ट जळेल असं नाही, पण आवाज ऐकून डोकं जाईल.

प्रश्न : तुमचं वाचून मीच हेड काढायला बसलो, सगळे बोल्ट काढले तरी हेड हलत नाही. हातोडा मारू का? (निपाणीहून)

उत्तर : अरे थांब! एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली लपलाय. याचा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, तेव्हा कार्ब्युरेटर काढ आणि भोकातनं खाली टॉर्च मार, डोकं दिसेल. मेस्त्रीनं फोडलेलं एक हेड बघितलंय मी, ते बघितल्यावर माणूस शांतच होतो. हेड परत बसवताना तो बोल्ट पण टॉर्क पान्यानं, साठ ते सत्तर फूट-पाउंड, आणि इंजिन एकदा गरम करून थंड झाल्यावर परत.

प्रश्न : पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतंय, जुन्या इंजिनाला चालतंय काय? (चिक्कोडी)

उत्तर : आपल्या उसापासनं पण होतंय, आपल्याच पंपावर येतंय, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचं डायफ्राम फुगतं, पाइप चिकट होतात, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की इथेनॉल पाणी ओढून बसतं. पाइप आणि डायफ्राम इथेनॉलला चालणारे घ्या, टाकी रिकामी करून आतला गंज बघा, नाहीतर तोच गंज सुटून जेट चोंदणार. गाडी शेडमध्ये महिनाभर लावणार असाल तर त्याआधी पेट्रोल काढून कार्ब्युरेटर कोरडं होईपर्यंत चालवा, आणि मग बॅटरीची वायर सोडा.