अँटिबायोटिकची ॲलर्जी रक्ततपासणीत नक्की कळते का?

तुम्ही विचारलंय की, लहानपणी अमॉक्सिसिलिनने अंगावर पुरळ उठलं होतं, आता दाढ काढायची आहे, तर रक्त तपासून ॲलर्जीचा निकाल लागेल का. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. कळकळीने सांगते, निव्वळ निगेटिव्ह रिपोर्टच्या भरवशावर ती गोळी घेऊ नका.

या तपासणीत त्या औषधाविरुद्ध तयार झालेली आयजीई अँटिबॉडी, म्हणजे ॲलर्जीत शरीर तयार करतं ते प्रथिन, शोधतात. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन अशा मोजक्याच औषधांसाठी ती होते. पॉझिटिव्ह आली तर दुर्लक्ष करायचं नाही. पण ॲलर्जी असूनही निगेटिव्ह येणारे पुष्कळ असतात, आणि वर्षं उलटतात तशी ही अँटिबॉडी रक्तातून कमी होत जाते. तुमची गोष्ट तर लहानपणची. आणि नुसती ‘टोटल आयजीई’, म्हणजे रक्तातली सगळी आयजीई एकत्र मोजणारी तपासणी, करू नका, ती दम्याने, जंतांनीही वाढते.

खरी किंमत आहे ती त्या वेळी काय घडलं याला. गोळीनंतर तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर तो आयजीईचा प्रकार. तीन-चार दिवसांनी उठलेलं पुरळ वेगळं, ते या तपासणीत दिसतच नाही; लहान मुलांत बऱ्याचदा ते मूळ तापाचंच असतं. आईला विचारा, जुनी फाईल काढा. आमच्याकडे अक्कलकोटहून एक आजी आल्या होत्या, पिशवीत स्ट्रिपचा कापलेला तुकडा जपून आणलेला. दोन गोळ्यांची जागा, आणि नाव नेमकं कापून मेडिकलवाल्याकडे राहिलेलं! म्हणून रिॲक्शन आली की गोळीचं नाव आणि वेळ तेव्हाच लिहून ठेवा, पुरळाचा फोटो काढा.

अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं. पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जणांना नीट तपासल्यावर ती नसल्याचं परदेशातल्या पाहण्यांत दिसलंय. पण ते ठरतं ॲलर्जीतज्ज्ञाकडे, त्वचेची चाचणी आणि मग देखरेखीखाली औषधाचा डोस देऊन. त्वचेच्या चाचणीआधी सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीवरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद कराव्या लागतात. रक्तासाठी त्याची गरज नाही. त्या वेळी फोड येऊन कातडी सोलली असेल किंवा तोंडात, डोळ्यांत जखमा झाल्या असतील, तर मात्र ते औषध पुन्हा देऊन बघायचंच नाही.

दाढेसाठी इतकं थांबायची गरज नाही. दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, ते दुसरं औषध देतील, आणि दाढ काढताना दर वेळी अँटिबायोटिक लागतंच असंही नाही.