अरुंधती: न अडवणारी की मागोमाग जाणारी?

वैशाखातल्या एका लग्नात, ठाण्यात पाचपाखाडीच्या हॉलच्या गच्चीवर गुरुजींनी नवरा-नवरीला उत्तरेकडे बोट करून अरुंधती दाखवली. शेजारी उभ्या असलेल्या एका ताईंनी मला नंतर विचारलं, “मला तर तिथे एकच तारा दिसला. मुलाच्या पुस्तकात वसिष्ठ-अरुंधतीला एका पानावर जोडतारा म्हटलंय, दुसऱ्या पानावर द्वैती तारा, आणि पुढे लिहिलंय की तिथे सहा तारे आहेत. यातलं धरायचं काय? आणि अरुंधती म्हणजे नेमकं काय हो?”

अरुंधती म्हणजे सप्तर्षींतल्या वसिष्ठ ताऱ्याशेजारचा मंद तारा; वसिष्ठ ऋषींच्या पत्नीचं नाव त्याला आहे. आधी नावाचं बघू, कारण त्यातच खरी गंमत आहे.

संस्कृतात ‘रुध्’ म्हणजे अडवणे. आपले विरोध, अवरोध, निरोध हे शब्द त्यातूनच आले. ‘रुन्धती’ म्हणजे अडवणारी, आणि आधी ‘अ’ लागला की न अडवणारी. व्याकरणाने होतो तो अर्थ एवढाच. अथर्ववेदात तर अरुंधती ही एक वेल आहे, जखम भरून आणणारी.

महाभारताच्या अनुशासनपर्वात मात्र अरुंधती स्वतःच आपल्या नावाचा वेगळा अर्थ सांगते. यातुधानी नावाची राक्षसी सगळ्या ऋषींना नावांचे अर्थ विचारत असते. अरुंधतीची पाळी येते तेव्हा ती म्हणते, मी ‘मनोऽनुरुन्धती भर्तुः’, म्हणजे पतीच्या मनामागून जाणारी. इथे धातू तोच, फक्त ‘अनु’ लागून अर्थ पालटला. शास्त्र म्हणून ही व्युत्पत्ती टिकत नाही, कारण ‘अनु’तला ‘नु’ गेला कुठे, याला उत्तर नाही. पण मराठी माणसाला ती पटकन कळते, कारण ‘त्या अनुरोधाने’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला ‘त्याला धरून’ असंच म्हणायचं असतं. हिंदीत अनुरोध म्हणजे विनंती. हल्ली मराठी पाट्यांवरही ‘अनुरोध आहे’ असं दिसू लागलंय, ते मला खटकतं. आपला अर्थ जुना आहे आणि कामाचा आहे, तो हातचा जाऊ देऊ नये.

आता आकाशाकडे या. वसिष्ठ मध्यमंडल ओलांडतो, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवरून पुढे सरकतो, त्यानंतर साधारण सव्वा मिनिटाने अरुंधती तीच रेषा ओलांडते. रोज रात्री ती त्याच्या मागेच असते. त्यामुळे ‘मागोमाग जाणारी’ हा अर्थ व्याकरणात बसला नाही, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांना बरोबर दिसलेला आहे. भीष्मपर्वात युद्धाआधीचे अपशकुन सांगताना अरुंधतीने वसिष्ठाला मागे टाकलं, असं व्यास सांगतात. तो अपशकुन का, हे या सव्वा मिनिटामुळे मला कळलं. नेहमीचा क्रम उलटला, एवढंच त्यात सांगायचं आहे.

वसिष्ठ या नावाचं मूळ ‘वसु’. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांत जो ‘इष्ठ’ आहे तोच इथे, म्हणून वसिष्ठ म्हणजे सर्वांत उत्तम. वसु मध्ये दंत्य ‘स’ असल्याने ‘वशिष्ठ’ लिहू नये. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा ‘श’ मात्र लोकांच्या जिभेवर घडलाय, तो तसाच राहू दे.

पश्चिमेत वसिष्ठाला मिझार म्हणतात. मिझार हे अरबीत कमरेला गुंडाळायचं वस्त्र. त्याच धातूतून ‘इजार’ आली आणि इजारीची आपल्याकडे विजार झाली. म्हणजे ठाण्याच्या बाजारात टांगलेली विजार आणि सप्तर्षींतला तो तारा एकाच अरबी कुळातले. हे नाव त्याला चुकीने चिकटलं आहे. त्याच्यावर आधी ‘मिराक’ हे नाव पडलं होतं, ते सप्तर्षींतल्याच पुलह ताऱ्याचं होतं, आणि स्कॅलिजर या विद्वानाने ते बदलून मिझार केलं. अरुंधतीला अरबीत ‘सुहा’ म्हणतात, म्हणजे दुर्लक्षित राहिलेली. ‘मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते’ अशी त्यांची एक म्हण आहे. आपण तिला तिच्या शेजाऱ्यावरून नाव दिलं, त्यांनी तिच्या मंदपणावरून. मला दोन्ही आवडतात.

आता ताईंचा संख्येचा प्रश्न. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली याला दुर्बिणीतून वसिष्ठच दोन ताऱ्यांचा दिसला आणि त्याने गॅलिलिओला कळवलं. १८८९ मध्ये त्यातल्या एकाच्या वर्णपटातल्या, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, रेषा ठरावीक दिवसांनी दुहेरी होतात असं पिकरिंग या खगोलशास्त्रज्ञाने जाहीर केलं, म्हणजे तोही दोन तारे. पुढे दुसऱ्याचंही तेच निघालं. २००९ मध्ये अरुंधतीच्या कडेलाही एक मंद जोडीदार सापडला. चार आणि दोन, असे सहा. त्यांना नावं नाहीत, अक्षरं आहेत: दुर्बिणीत दिसणाऱ्या दोघांना मोठी ए आणि बी, आणि त्यांच्या आतल्यांना त्यामागे छोटी अक्षरं.

या दोघांच्या जवळच आणखी एक अंधुक तारा आहे. १७२२ मध्ये लीबक्नेख्ट नावाच्या जर्मन प्राध्यापकाला तो नवा ग्रह वाटला आणि त्याने त्याला आपल्या राज्यकर्त्याचं नाव दिलं. तो तारा निघाला फार मागचा, या कुटुंबाशी संबंध नसलेला. नावही फारसं रूढ झालं नाही.

हाच फरक मराठीतही हवा. दोन तारे नुसते जवळ दिसतात तेव्हा ‘जोडतारा’ म्हणावं, आणि गुरुत्वाने एकमेकांना बांधलेले असतात तेव्हा ‘द्वैती’. डोळ्यांना दिसणारी वसिष्ठ-अरुंधती ही जोडी झाली जोडतारा. वसिष्ठाच्या पोटातल्या दोन्ही जोड्या द्वैती. ही सहाही मंडळी गुरुत्वाने बांधलेली असावीत असं अलीकडच्या निरीक्षणांवरून दिसतं, पण सहांना ‘द्वैती’ हा शब्द पुरत नाही. ‘बहुतारा प्रणाली’ असं पुस्तकात असतं, ते मला कोरडं वाटतं. मी ‘तारकाकुल’ म्हणेन. तारकागुच्छ आणि तारकासमूह हे शब्द वेगळ्या गोष्टींसाठी आधीच ठरलेले आहेत, आणि ऋषीच्या घराला कुल शोभतंच.

ताई, तुम्हाला एकच तारा दिसला याची काळजी नको. ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचं आयुष्य सरलं, असा हितोपदेशातला श्लोक आजीच्या तोंडी असायचा, पण तो घोडबंदर रोडच्या दिव्यांसाठी लिहिलेला नव्हता. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास उत्तरेला क्षितिजापासून ५४ अंशांवर बघा, आणि शक्य झालं तर येऊरच्या डोंगरावर जा. दुर्बीण असेल तर घेऊन जा.

आणि गुरुजींनी जो तेजस्वी तारा दाखवला, तो बहुधा वसिष्ठ होता. तरीही त्यांचं चुकलं नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही हीच रीत आहे: आधी शेजारचा मोठा तारा ‘हीच अरुंधती’ म्हणून दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की तो सोडून खरी दाखवायची. शास्त्रात याला स्थूलारुंधती न्याय म्हणतात. आश्वलायन गृह्यसूत्रात नवरीने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहून मगच मौन सोडायचं असतं. तुमची पहिली पायरी झाली आहे, आता दुसरीसाठी येऊरला चला.