मागच्या बाकाला काय दिसतं?

या वेळी जवळपास सगळी पत्रं पीपीटीबद्दलच आली. प्रोजेक्ट, सेमिनार आणि तोंडी परीक्षांचे दिवस आहेत, त्यामुळे नवल नाही. बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून कितीतरी कॉलेजांच्या पंखे कुरकुरणाऱ्या सेमिनार हॉलमध्ये बसले. तेव्हा उत्तरं भूगोलाकडे झुकली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लघुशोधप्रबंध बीड जिल्ह्यातल्या बाल लिंग गुणोत्तरावर आहे. सादरीकरणाला दहा मिनिटं मिळणार आहेत आणि माझ्या स्लाइड झाल्यात बेचाळीस. गाइड सर म्हणतात, एकही काढू नकोस, एक्स्टर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) मेहनत दिसली पाहिजे. मैत्रिणी म्हणतात, एका स्लाइडवर सहाच ओळी आणि ओळीत सहाच शब्द असा नियम आहे. कुणाचं ऐकू? – एक विद्यार्थिनी, बीड

अगं, आधी भागाकार कर. दहा मिनिटांचे सहाशे सेकंद, भागिले बेचाळीस. एका स्लाइडला चौदा सेकंद आले. तेवढ्यात समोरचा चष्मासुद्धा पुसत नाही.

आणि मेहनत दिसायला तुझा बाइंडिंग केलेला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध टेबलावर असतोच की. तो आम्ही चाळलेला असतो. सादरीकरणात आम्हाला एवढंच बघायचं असतं की या मुलीला काय सापडलं आणि ते तिला स्वतःला कळलंय का.

तुझ्या पीपीटीचा क्रम न बघताच सांगते. विषयाचं नाव, प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, संशोधन पद्धती, मग अभ्यासक्षेत्र म्हणून आधी भारताचा नकाशा, मग महाराष्ट्राचा, मग बीडचा. यात सहा मिनिटं जातात. बीड कुठे आहे हे बीडमध्ये बसलेल्या माणसांना तीन नकाशांनी सांगायचं! मग कुणीतरी "वेळ संपत आली" म्हणतं आणि निष्कर्षांच्या स्लाइड भराभर पुढे ढकलल्या जातात. दोन वर्षं जे शोधलं तेच नेमकं राहून जातं. म्हणून नावाच्या स्लाइडनंतर लगेच सापडलेली गोष्ट सांग, पद्धत त्यानंतर दोन मिनिटांत.

सरांशी वाद घालू नकोस, त्याची गरजही नाही. बोलण्यासाठी नऊ-दहा स्लाइड ठेव. उरलेल्या शेवटच्या स्लाइडच्या मागे तशाच राहू देत. कोणती कितव्या क्रमांकावर आहे ते एका कागदावर लिहून हाताशी ठेव. सादरीकरण चालू असताना की-बोर्डवर आकडा दाबून एंटर केलं की पॉवरपॉइंट थेट त्या स्लाइडवर जातं. "तालुकावार आकडे आहेत का?" असं विचारलं आणि तू लगेच सत्ताविसावी उघडलीस, तर जी मेहनत दिसेल ती बेचाळीस स्लाइड पळवून दिसणार नाही.

आता सहा ओळी, सहा शब्द. हा नियम ज्याने केला त्याने वाईट हेतूने केला नसेल, पण त्यातून "साक्षरता व लिंग गुणोत्तर : सहसंबंध" असली तुटक वाक्यं तयार होतात. त्यातून काहीच कळत नाही. माझा आग्रह वेगळा आहे. शीर्षकाच्या जागी विषयाचं नाव नको, पूर्ण वाक्य लिही. तुझ्याच विषयावर करून दाखवते. हजार मुलांमागे शून्य ते सहा वयाच्या मुली किती, याचे जनगणनेतले महाराष्ट्राचे आकडे १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे आहेत. बीडचे २००१ साली ८९४ आणि २०११ साली ८०७. तुझ्या स्लाइडवर बहुधा "बाल लिंग गुणोत्तर (२००१ व २०११)" असं शीर्षक असेल आणि खाली सगळ्या जिल्ह्यांचा तक्ता असेल. आता हे आकडे परत वाच. २०११ मध्ये राज्य जिथे पोचलं, तिथे बीड २००१ मध्येच होतं. दोन्हीकडे ८९४. हेच वाक्य शीर्षक म्हणून लिही. मागच्या बाकावरचा पेंगुळलेला पोरगासुद्धा मान वर करेल.

खाली तक्ता नको, रेषालेख काढ. राज्याची रेषा राखाडी, बीडची गडद लाल. बाजूला रंगांची सूची देऊ नकोस, रेषेच्या टोकालाच "बीड ८०७" आणि "महाराष्ट्र ८९४" असं लिही. म्हणजे बघणाऱ्याची नजर सूची आणि आलेख यांच्यात हेलपाटे घालत नाही. स्तंभालेख काढलास तर अक्ष शून्यापासून हवा, कारण तिथे डोळा स्तंभाची उंची मोजतो. पण शून्यापासून काढला की ९४६ आणि ८९४ सारखेच दिसतात, आणि एक्सेलने परस्पर अक्ष ७५० पासून धरला तर बीड जवळजवळ नाहीसं झाल्यासारखं दिसतं. म्हणून इथे रेषा बरी, आणि अक्ष कुठून सुरू केलाय ते तोंडाने सांग.

एक सूचना तुझ्या विषयापुरती. २०११ च्या जनगणनेचे आधी तात्पुरते आकडे आले होते. त्यात बीड ८०१ आणि राज्य ८८३ होतं. ते अजून नेटवर फिरतात. एका स्लाइडवर तात्पुरता आणि दुसरीवर अंतिम आकडा आला, तर एक्स्टर्नल तिथेच धरेल. मी तरी धरते. आलेखाखाली बारीक अक्षरांत "भारताची जनगणना २०११, अंतिम आकडे" लिही. बारीक अक्षरांना माझी तेवढीच एक परवानगी. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यांप्रमाणे तालुके रंगवलेल्या नकाशात, इंद्रधनुष्य नको. एकच रंग फिका ते गडद, वर्ग चार किंवा पाच. लाल-हिरवा समोरासमोर तर नकोच, कारण तो फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, कुठल्याही वर्गात असू शकतात.

शीर्षकावर एवढा जोर का देते, याचं एक उदाहरण वर्गात नेहमी सांगायचे. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, त्याच्या डाव्या पंखावर जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्यावर एक स्लाइड केली. तिचं शीर्षक वाचून वाटावं, चाचण्यांनुसार काळजीचं फारसं कारण नाही. खाली बुलेट, बुलेटच्या पोटात आणखी बुलेट. आणि अगदी तळाशी खरी गोष्ट होती. चाचणीतला तुकडा तीन घन इंचांचा, तर यानावर आदळलेला सुमारे १९२० घन इंचांचा. म्हणजे सहाशेचाळीस पट! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडचा मुद्दाम समाचार घेतला. ही स्लाइड बघताना मला नेहमी वाटतं, तळाची ओळ शीर्षकात असती तर वाचणाऱ्याला ती टाळता आली नसती.

प्रश्न : मी बी.एड. करतो. पाठाची पीपीटी गावातल्या डीटीपी सेंटरमधून मराठीत करून घेतली. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! नेमका काय घोळ झाला? – एक छात्राध्यापक, कुडाळ

तुझा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, नाही. डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यात मराठी अक्षर हे मुळात इंग्रजी अक्षरावर चढवलेलं चित्र असतं, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर खालचं इंग्रजी उघडं पडतं. ओळखायची सोपी युक्ती सांगते. स्लाइडवरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठव. मराठी दिसली तर युनिकोड, नाहीतर पुन्हा टाइप करण्याला किंवा कन्व्हर्टरमधून काढण्याला पर्याय नाही. कन्व्हर्टर वापरलास तर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपास.

युनिकोड असूनही दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओळी सरकतात, कारण तुझा फॉन्ट तिथे नसला की पॉवरपॉइंट दुसराच लावतं. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करायची सोय आहे, ती चालू कर. आणि त्याच पेनड्राइव्हवर पीडीएफ पण ठेव. अ‍ॅनिमेशन जाईल, पाठ वाचेल.

फॉन्ट साधा घे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट मिळतात. आपल्या लिपीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. तिरकी अक्षरं मराठीत चांगली दिसतच नाहीत. बोल्ड शीर्षकापुरतं ठीक, पण लहान आकारात "क्ष", "द्ध", "ष्ट्य" यांची पोटं भरून नुसते काळे ठिपके होतात. आकार अठ्ठावीसच्या खाली नेऊ नकोस. लॅपटॉपवर स्लाइड उघडून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहा. तिथून वाचता आलं पाहिजे.

प्रश्न : आमचा नववीतला मुलगा जलचक्रावर पीपीटी करतोय. एकेक अक्षर फिरत येतं, सोबत टाळ्यांचा आवाज. आम्ही काही म्हटलं की रुसतो. – एक आई, नाशिक

करू द्या हो. नववीत नाही करणार तर कधी? फक्त एकदा त्याला खुर्चीत बसवून तुम्ही ती सादर करा आणि प्रत्येक अक्षर येईपर्यंत त्याला थांबायला लावा. बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी असे बाण क्रमाने येणं मात्र छान आहे, तिथे अ‍ॅनिमेशनला काम आहे. ते काढायला सांगू नका.

प्रश्न : डिप्लोमाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. प्रोजेक्ट सेमिनार इंग्रजीत द्यायचा आहे. विसरेन या भीतीने सगळं स्लाइडवर लिहून वाचून दाखवतो. मागच्या वेळी सर म्हणाले, वाचायला आम्हालाही येतं. – एक विद्यार्थी, सांगली

सरांनी टोमणा मारला, पण मुद्दा खरा आहे. तू वाचत असतोस तेव्हा आम्ही तुझ्या दोन ओळी पुढे असतो, म्हणजे तुझं ऐकतच नसतो.

तो मजकूर पुसू नकोस, स्लाइडखालच्या नोट्समध्ये हलव. प्रेझेंटर व्ह्यू लावला की नोट्स तुला लॅपटॉपवर दिसतात आणि पडद्यावर नुसती स्लाइड. मात्र कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो चालेलच असं नाही, म्हणून प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य तेवढं पुठ्ठ्याच्या कार्डावर लिही. पहिलं वाक्य तोंडून निघालं की पुढचं येतं, कारण प्रोजेक्ट तूच केलायस. नोट्समध्ये पुस्तकी इंग्रजी नको. "वी चेंज्ड द सेन्सर, बिकॉज द ओल्ड वन गेव्ह राँग रीडिंग्ज इन सनलाइट" एवढं इंग्रजी भरपूर झालं. प्रश्नोत्तरांत अडलास तर "सर, मराठीत सांगू का?" असं सरळ विचार. माझ्या समोर कुणी विचारलं की मी हो म्हणते, आणि पोरं एकदम खुलतात.

सर्किटचा अख्खा फोटो टाकू नकोस, ज्या भागाबद्दल बोलतोयस तेवढाच कापून मोठा कर. पडदे नसलेल्या खोलीत दुपारी काळ्या पार्श्वभूमीवरचं काही दिसत नाही, म्हणून पांढऱ्यावर गडद अक्षरं. मॉडेल हातात घेऊन दाखवताना की-बोर्डवरचं बी हे अक्षर दाबलंस की पडदा काळा होतो आणि सगळे तुझ्या हाताकडे बघतात. पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत.

आणि ते शेवटचं गुलाबाच्या फुलाचं "थँक यू" काढून टाक. प्रश्नोत्तरं चालतात तेवढा वेळ तीच स्लाइड पडद्यावर राहते. तिथे तुझी ब्लॉक डायग्राम आणि मिळालेली रीडिंग्ज ठेव, म्हणजे प्रश्नही त्यावरच येतील.