जीएफपी दिसायला एमआरएनएच्या किती प्रती लागतात?

तुमचा प्रश्न असा: 24 वेलची (म्हणजे खळग्यांची) प्लेट, वेलमागे 1 लाख एचईके पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी), 500 नॅनोग्रॅम जीएफपीचा (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचा) एमआरएनए, म्हणजे ज्यावरून पेशी ते प्रथिन बनवते तो आरएनए. पेशीमागे किती प्रती असल्या की हिरवं दिसेल?

सोपा भाग आधी. आरएनए साधारण 1000 न्यूक्लिओटाइडांचा (त्याच्या साखळीतल्या कड्यांचा), प्रत्येकाचे 330 धरले तर रेणुभार 3.3 लाख. म्हणजे 1 मायक्रोग्रॅममध्ये 1.8 लाख कोटी प्रती आणि तुमच्या वेलमध्ये पेशीमागे 90 लाख! पण ही झाली धक्क्यावरची गर्दी. जुन्या गोव्याला कितीही माणसं ताटकळत असोत, दिवाडीला उतरतात ती फेरीबोटीत चढलेलीच. लिपिडाबरोबर (आरएनएला पेशीत नेणाऱ्या स्निग्ध पदार्थाबरोबर) आत शिरलेला बहुतेक आरएनए एंडोसोममध्येच, म्हणजे पेशी बाहेरचा माल ज्यात गिळते त्या पिशव्यांमध्येच अडकतो. त्यातला एखादा टक्का सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात, जिथे प्रथिनं बनतात) सुटला तरी नशीब समजा.

म्हणून हिशेब प्रथिनाच्या टोकाकडून करा. ठळक दिसायला पेशीमागे 10 लाख जीएफपी हवेत असं धरू. एका प्रतीवरून तासाला 100 प्रथिनं, आणि प्रतीचं अर्धायुष्य 10 तास, म्हणजे सरासरी आयुष्य 14 तास. एक प्रत जन्मभरात 1400 प्रथिनं देते. जीएफपी स्वतः टिकाऊ, त्याची घट सोडून द्या. म्हणजे सायटोसोलमध्ये 700 धड प्रती पुरतात. (2011 साली उंदराच्या फायब्रोब्लास्टमध्ये मोजलं तेव्हा मधल्या (मीडियन) जनुकाच्या एमआरएनएच्या पेशीमागे 17च प्रती निघाल्या होत्या, त्यामुळे 700 काही कमी नाहीत.) एक टक्का सुटतो धरून पेशीमागे 70 हजार, अख्ख्या वेलला जेमतेम 4 नॅनोग्रॅम.

मग लोक 500 का घालतात? सगळा आरएनए पेशींत शिरत नाही, शिरतो तोही सारखा वाटला जात नाही. 500 पासून निम्मं निम्मं करत 8 पर्यंत उतरा, दुसऱ्या दिवशी किती टक्के पेशी हिरव्या ते बघा. क्यूपीसीआरने (आरएनएच्या प्रती मोजायच्या चाचणीने) पेशीतल्या प्रती मोजायच्या भानगडीत पडू नका, एंडोसोममधल्याही त्यात मोजल्या जातात.

आणि 'धड' हा शब्द विसरू नका. एका जूनमध्ये आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती, फ्रीझरमधल्या नळ्या वितळल्या. नॅनोड्रॉपवर (आरएनए किती आहे एवढंच सांगणाऱ्या यंत्रावर) आकडा जसाच्या तसा, म्हणून मी तोच आरएनए दोन आठवडे वापरला आणि दोष लिपिडाला देत राहिलो. शेवटी जेल चालवलं (त्यात आरएनए लांबीनुसार वेगळा होतो), तर पट्ट्याच्या जागी नुसता फराटा, म्हणजे आरएनएचे तुकडे झालेले.